कूलर घेताना आणि घेतल्यावर

होळी झाली की आपल्या विदर्भात घरोघरी दोन गोष्टी होतात. नवा माठ घरात येतो आणि जुना कूलर अडगळीतून बाहेर निघतो. ज्यांचा कूलर गंजून गेलेला असतो त्यांच्या घरी नव्या कूलरची बोलणी सुरू होतात. या पंधरवड्यात आलेल्या पत्रांतही हाच विषय आहे. अकोल्याच्या एका भगिनीने विचारलं आहे, "तीन खोल्यांच्या घराला एक कूलर पुरेल का?" दुसरीची तक्रार अशी, की कूलर लावला की अंग चिकचिक होतं, त्यापेक्षा पंखाच बरा वाटतो. एकीने ताट्या कोणत्या घ्याव्यात हे विचारलं आहे. या सर्वांना आज एकत्रच उत्तर देते.

पण मैत्रिणींनो, त्याआधी एक गोष्ट बोलू द्या. कूलर घ्यायला दुकानात बहुधा घरची पुरुषमंडळी जातात. हवा किती लांब फेकतो, रंग कोणता, किंमत किती, एवढं पाहून परत येतात. आणि मग त्या कूलरच्या टाकीत रोज बादलीने पाणी कोण ओततं? ओल्या हातांनी, ओल्या फरशीवर, अनवाणी पायांनी त्याच्याजवळ कोण उभं असतं? आपणच. म्हणून कूलरची निवड ही त्यात पाणी भरणारीच्या नजरेने व्हायला हवी. यंदा दुकानात तुम्हीही जा आणि खाली दिलेल्या गोष्टी स्वतः विचारून घ्या.

थंडावा येतो कुठून?

माठातलं पाणी का गार होतं ते आपण सगळ्याच शाळेत शिकलो आहोत. पाण्याची वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं. कूलरमध्ये हेच होतं. पंप ताट्यांवर पाणी सोडतो, पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या ताट्यांतून ओढतो, पाण्याची वाफ होते आणि हवा गार होऊन आत येते. म्हणजे बाहेरची हवा जितकी कोरडी, तितका कूलर चांगला. मे महिन्यात नागपूरला दुपारी हवेतला ओलावा वीस टक्क्यांच्या आसपास असतो. अशा वेळी बाहेर ४२ अंश असले, तरी चांगला कूलर २८ ते ३० अंशांची हवा आत सोडतो. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. त्या दिवसांतही कूलरने हात दिला तो हवा कोरडी होती म्हणूनच.

मुंबई किंवा रत्नागिरीची हवा आधीच ओली. तिथे कूलरने दोन-चार अंश कमी होतील, पण घाम वाळणार नाही. तेव्हा उन्हाळ्यात माहेरी आलेल्या मुंबईच्या नणंदेने तुमचा कूलर पाहून तसाच घ्यायचा विचार केला, तर तिला वेळीच सांगा.

खर्चाचंही सांगते. दीड टनाचा एसी चालू असताना साधारण दीड हजार वॅट वीज घेतो, तर खोलीचा कूलर दोनशे वॅटच्या आसपास. आठ तास कूलर चालला तर दीड-पावणेदोन युनिट होतात. मध्यम घराला हा फरक लहान नाही.

किती मोठा घ्यावा?

मोजपट्टी घ्या आणि खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा. तिघांचा गुणाकार करा आणि निम्मा करा. बारा बाय पंधराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे १८०० घनफूट. त्याचे निम्मे ९००. म्हणजे मिनिटाला ९०० घनफूट हवा देणारा कूलर हवा. दुकानदार याला सीएफएम म्हणतो. काही कंपन्या हाच आकडा तासाला घनमीटरमध्ये छापतात. तेव्हा आपल्या आकड्याला १.७ ने गुणावं, म्हणजे इथे १५३० येतील. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली राहत असाल तर थोडा मोठा घ्यावा. "हा चांगला गार करतो हो वहिनी" एवढ्यावर समाधान मानू नका. आकडा विचारा. कूलरसाठी आय.एस. ३३१५ हे भारतीय मानक आहे. त्याचा उल्लेख कूलरवर किंवा माहितीपत्रकात आहे का, तेही पाहावं.

एका कूलरवर सगळं घर

अकोल्याच्या भगिनीसाठी उत्तर असं, की पुरू शकेल, पण हवेला वाट दिली तर. कूलर घराच्या एका टोकाला बसवा. मधली दारं उघडी ठेवा आणि दुसऱ्या टोकाच्या खोलीची खिडकी थोडी उघडा. आलेली हवा त्या खिडकीवाटे बाहेर जायला धडपडते आणि जाता जाता सगळ्या खोल्या गार करते. ज्या खोलीत गारवा नको, तिचं दार लावून घ्या. हजार घनफूट हवेमागे दीड-दोन चौरस फूट खिडकी उघडी असावी. फूटपट्टी लावत बसायला नको, एक सोपी खूण आहे. दारं धाडधाड आपटायला लागली तर खिडकी कमी उघडी आहे. खिडकीत धरलेला दोरा बाहेरच्या बाजूला हलका उडत राहिला तर बरोबर आहे.

मात्र आकार ठरवताना एका खोलीचा हिशेब चालणार नाही. पाचशे चौरस फुटांचं, दहा फूट उंचीचं घर म्हणजे पाच हजार घनफूट, म्हणजे अडीच हजारांचा कूलर. बंगला असेल तर गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीशी मोठा कूलर बसवून पत्र्याच्या नळातून खोल्याखोल्यांत हवा नेणारे डक्ट कूलर मिळतात. तिथेही प्रत्येक खोलीत हवा बाहेर जायला फट हवीच.

आता चिकचिकीचं. बहुतेक घरांत कूलर खोलीच्या आतच ठेवतात आणि "गारवा बाहेर जातो" म्हणून दारं-खिडक्या बंद करतात. एसीची सवय कूलरला लावली की असं होतं. तीच ओली हवा पुन्हा पुन्हा ताट्यांतून फिरते, मग गारवा संपतो आणि दमटपणा उरतो. त्याच दमटपणाने मीठ ओलं होतं, पापडाचा डबा मऊ पडतो, कपाटातल्या साड्यांना वास येतो. कूलरची पाठ बाहेर, तोंड आत, आणि समोरची खिडकी उघडी, हा नियम पाळा. तरीही रात्री दमट वाटलं तर पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. हवेतला ओलावा दाखवणारं छोटं यंत्र आता स्वस्तात मिळतं. काटा साठाच्या वर गेला की पंपाला विश्रांती द्यावी.

जागा निवडताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. कूलर पाठीमागची हवा आत आणतो. मागे उघडं गटार, संडासाची खिडकी किंवा स्कूटरची जागा असेल तर तोच वास घरात येईल. शिवाय साठ लिटरची टाकी भरली की साठ किलो वजन नुसत्या पाण्याचं होतं. तेव्हा खिडकीबाहेरचा स्टँड भिंतीत पक्का केलेला हवा. कूलरचा झोत स्वयंपाकघरातल्या शेगडीवर येऊ देऊ नका. ज्योत विझते आणि गॅस तसाच चालू राहतो.

ताट्या आणि टाकी

ताट्यांचे तीन प्रकार. लाकडाच्या बारीक सालींचं गवत सर्वांत स्वस्त. पण ते दर हंगामात बदलावं लागतं, नाहीतर कुजका वास येतो. वाळ्याच्या ताट्यांचा सुगंध आपल्या सर्वांच्या आवडीचा, फक्त त्या महाग पडतात आणि सुगंध हळूहळू उतरतो. तिसरा प्रकार मधमाशीच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या जाड कागदी पॅडचा. त्याला हनीकोंब म्हणतात. हा सुरुवातीला महाग, पण निगा ठेवली तर दोन-तीन उन्हाळे सहज निघतात. घरात दम्याचा रोगी असेल तर जुनं, काळं पडलेलं गवत एक दिवसही ठेवू नये. त्यात बुरशी वाढते आणि पंखा ती थेट खोलीत उडवतो.

टाकी घेताना हिशेब लक्षात ठेवा. एका खोलीचा कूलर भर उन्हाच्या वेळी तासाला नऊ-दहा लिटर पाणी पितो. म्हणजे साठ लिटरची टाकी सहा तासांत तळाशी येते. जिथे नळाला एक दिवसाआड पाणी येतं तिथे हा आकडा आधीच धरायला हवा. नळाची जोडणी देता येईल आणि आत बॉलव्हॉल्व्ह बसवता येईल असा कूलर मिळाला तर उत्तम, बादली घेऊन जवळ जायची गरजच कमी होते. टाकीच्या तळाला पाणी सोडायची तोटी आहे ना, हेही पाहा. ती नसली तर टाकी कधीच पूर्ण रिकामी होणार नाही. ती का व्हायला हवी ते पुढे येतंच आहे.

पाणी कोणतं घालावं?

हवेत उडून जातं ते नुसतं पाणी. त्यातले क्षार टाकीतच राहतात. वरून आपण रोज नवं पाणी ओततो, त्यामुळे उरलेलं पाणी दिवसेंदिवस खारट होत जातं आणि ताट्यांवर पांढरा थर चढतो. थर चढला की हवा कमी आणि गारवाही कमी. बोअरच्या जड पाण्याने हे फार लवकर होतं. शक्य तर नळाचं पाणी वापरावं. हल्ली पुष्कळजणी आर.ओ. यंत्रातून वाया जाणारं पाणी कूलरमध्ये ओततात. काटकसर म्हणून कल्पना चांगली वाटते, पण त्या पाण्यात क्षार आणखी जास्त असतात. ते लादी पुसायला किंवा संडासात ओतायला ठेवा. टाकीतून काढलेलं जुनं पाणीही त्याच कामाला वापरावं, कुंड्यांना घालू नये.

पंपावर आणि हनीकोंबवर थर दिसला तर चार लिटर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून त्यात पंप अर्धा तास बुडवून ठेवावा, पॅडवर तेच पाणी सोडावं आणि मग साध्या पाण्याने धुवावं. त्यात ब्लीचिंग पावडर मुळीच मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. आणि हे सारं करताना प्लग भिंतीतून काढलेला असला पाहिजे.

सर्वांत महत्त्वाचं, विजेचं

आमच्या गल्लीतली गोष्ट सांगते. चौथीतला एक मुलगा चेंडू काढायला अंगणातल्या लोखंडी कूलरमागे गेला. पाय अनवाणी, जमीन ओली. हात पत्र्याला लागला आणि तिथेच चिकटला. त्याची आजी शहाणी, ती नातवाला धरायला धावली नाही. तिने आधी आत जाऊन मेन स्विच बंद केला. पोरगं वाचलं. नंतर वायरमनने प्लग उघडून दाखवला. पिना तीन होत्या, पण तिसऱ्या पिनेला वायरच जोडलेली नव्हती. वायर दोनच तारांची. मुलगा आज सहावीत आहे, दंगा करतो. पण दर उन्हाळ्यात आपल्या भागातल्या वर्तमानपत्रांत कूलरचा धक्का लागून गेलेल्यांच्या बातम्या येतात. त्यांत बायका आणि मुलं असतात, कारण कूलरजवळ तीच असतात.

म्हणून घरात कूलर सुरू करण्याआधी वायरमनला बोलवा आणि समोर उभं राहून या गोष्टी करून घ्या.

कूलरची वायर तीन तारांची हवी आणि अर्थिंगची तार कूलरच्या पत्र्याला पक्की जोडलेली हवी. भिंतीतल्या सॉकेटलाही अर्थिंग असायला हवं. नुसतं तिसरं भोक असून भागत नाही, ते तपासून घ्यायचं.

मेन स्विचजवळ आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा. हे छोटं उपकरण घरात आलेली आणि परत गेलेली वीज सतत ताडून पाहतं. थोडीशीही वीज कुणाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली की डोळ्याची पापणी लवण्याआधी पुरवठा तोडतं. घरासाठी ३० मिलिअँपिअरचं घ्यावं. त्यावर चाचणीचं बटन असतं. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावं. वीज गेली तर उपकरण ठीक आहे.

पंपाच्या वायरचं आवरण तडकलं असेल तर चिकटपट्टी लावून भागवू नये, पंप बदलावा. तो कायम पाण्यात असतो. प्लॅस्टिकच्या कूलरला धक्का लागत नाही हा समज खोटा आहे. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, पण टाकीतल्या पाण्यातून जाते.

आणि आपला स्वतःचा नियम एकच. पाणी भरायचं तर आधी बटन बंद, मग प्लग भिंतीतून बाहेर, पायात कोरडी चप्पल, आणि मगच बादली उचलायची. नुसतं बटन बंद करून थांबायचं नाही. घरात पाहुणे असोत, घाई असो, नवतपा असो, यात सूट नाही. मुलांना हे घरच्या पाढ्यांसारखं पाठ करून घ्या.

देव न करो, पण कुणी चिकटलंच तर त्या आजीसारखं करा. हात लावू नका, मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने दूर ढकला. मग १०८ ला फोन करा. माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी डॉक्टरकडे न्यावं.

आठवड्यातला एक कोरडा दिवस

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. पावसाळा लागला की हजेरी घेताना बाकं रिकामी दिसू लागतात आणि चिठ्ठीत कारण येतं, डेंग्यू. हा ताप पसरवणारा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. कूलरची टाकी त्याला आयती मिळते, सावली आहे, पाणी आहे, कुणी हलवत नाही.

म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची. आरोग्य खातं ज्याला कोरडा दिवस म्हणतं तो हाच. पण नुसतं पाणी सोडून भागत नाही. डासाची अंडी पाण्याच्या कडेला टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात. पुढच्या पाण्यात ती पुन्हा जागी होतात. तेव्हा खरखरीत ब्रशने भिंती आणि कोपरे घासून काढावेत, टाकी उन्हात कोरडी होऊ द्यावी आणि मग पाणी भरावं. काहीजणी पाण्यात रॉकेल टाकतात, ते करू नये. मोटारीजवळ ते धोक्याचं, आणि वास सगळा आपल्याच नाकात येतो.

वार ठरवून घ्या. कॅलेंडरवर खूण करा आणि कामं वाटून द्या. प्लग काढणं आणि तोटी सोडणं यजमानांकडे, घासणं मोठ्या मुलाकडे, पाणी भरणं तुमच्याकडे. सगळं आपल्याच अंगावर घेतलं की तिसऱ्या आठवड्यात ते राहून जातं.

मृग लागला, हवा दमट झाली की कूलरचं काम संपलं. तसाच खिडकीत ठेवून देऊ नका, पावसाचं पाणी साचेल. टाकी घासून, उन्हात वाळवून, जुनं गवत काढून, पंप पुसून कोरडा ठेवा. लोखंडी कूलरला जिथे गंज दिसेल तिथे घासून रंगाचा हात द्यावा. वरून जाड कापड टाकून बांधून ठेवावं. पुढच्या होळीला तो आहे तसा मिळेल.

शेवटी पैशांविषयी. अर्थिंग दुरुस्त करणं आणि आर.सी.सी.बी. बसवणं यांचा खर्च कूलरच्या किमतीपुढे थोडाच असतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून घरात "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर मिळतं. यंदा ते ऐकू नका. नव्या कूलरसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून आधी वायरमनचे पैसे वेगळे ठेवा आणि उरलेल्यात बसेल तो कूलर घ्या. थोडा लहान आला तरी चालेल. खिडकी उघडी ठेवली तर तोही घर गार करील.